पडदा, पेपर आणि पार

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या बेंबळीत त्या आठवड्यात शेतीपंपाची लाइट रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी द्यायचे म्हणून पुतण्याचा मुलगा रात्री अकराला शेतात निघाला. मला झोप येत नव्हती, म्हणून मीही कानटोपी घालून त्याच्या मागे गेलो. निवृत्तीनंतर गावी येऊन राहिलेल्या माणसाला अशा कामात कोणी घेत नाही आणि कोणी अडवतही नाही. पोरगा दारे धरत होता आणि मधूनमधून एकटाच हसत होता. मी विचारले, "काय रे, कुणाचा फोन?"

"फोन न्हाई आबा. ऐकायलोय. पॉडकास्ट हाय, 'सिंहासन'वर."

मग बांधावर बसून त्याने मला 'सिंहासन' सांगितला. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे मुख्यमंत्र्यांची खुर्ची कशी हलवतो, मुख्यमंत्री एकेकाला कसे फोडतो, दिगू टिपणीस नावाचा पत्रकार हे सगळे कसे पाहतो. शिवाय आजच्या राजकारणातला कोण माणूस त्यातल्या कुणासारखा आहे, याची यादीही त्याच्याकडे तयार होती. मी अगदी थक्क झालो. चांगले दीडेक तासाचे विवेचन त्याने पाठ केल्यासारखे म्हणून दाखवले. शेवटी मी विचारले, "पिक्चर कुठे बघितलास?"

"पिक्चर न्हाई बघितला," तो शांतपणे म्हणाला. "त्याच्यावरचं ऐकलंय सगळं."

त्या रात्री मला हसू आले. नंतर मात्र हे वाक्य मनातून जाईना. कारण आमच्या पिढीचे नेमके उलटे होते. आम्ही चित्रपट पाहिला, आणि त्याच्यावरचे बोलणे आम्हाला आयुष्यभर सुचत राहिले.

• • •

आमचा हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नावही मीर उस्मान अली खान यांच्यावरूनच पडलेले. ते बदलून धाराशिव झाले ते २०२३ साली. त्या राज्यात वर्तमानपत्र ही सरकारच्या मर्जीची वस्तू होती. आ. कृ. वाघमारे यांनी १९३७ साली 'मराठवाडा' साप्ताहिक काढले, ते काढावे लागले पुण्याहून, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेरून. बंदी आली की ते नव्या नावाने निघे. त्या नावावर बंदी आली की आणखी एक नाव. वडील सांगत, की आमच्याकडे पेपर वाचला जात नसे, ऐकला जाई. एक जण वाचणार, दहा जण ऐकणार आणि अकरावा दाराशी उभा राहून रस्त्यावर नजर ठेवणार.

ऐकण्याची ही रीत पुढे सरकारनेही ओळखली. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, असे दहा आठवडे, वीस कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून रेडिओ ऐकायचा, संपल्यावर आपसात बोलायचे आणि पडलेले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरे मिळत. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला. रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली गावेही त्यांनी तुलनेसाठी घेतली होती. निष्कर्ष असा निघाला, की माहिती मुरली ती मंडळे असलेल्या गावांत. पेटी दोन्हीकडे होती, पण एकीकडे तिच्याभोवती पार होता. आमचा जिल्हा त्या प्रयोगात नव्हता. तो त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो.

चित्रपट आमच्याकडे आला तो तंबूतून. जत्रा आली की मालमोटारीवरून यंत्र, रिळांच्या पेट्या आणि जनरेटर उतरे. दुपारपासून भोंगा सुरू. आत एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, बसायला भुई. रीळ बदलताना उजेड लागे आणि तेवढ्यात अर्ध्या कथेवर चर्चा होऊन जाई. शहरातल्या टॉकीजमध्ये मध्यंतर एकदाच होते. आमच्या तंबूत रीळ संपेल तेव्हा मध्यंतर होई, आणि प्रत्येक मध्यंतर म्हणजे एक परिसंवाद. अशाच एका तंबूत, १९७७ च्या सुमारास, मी 'सामना' पाहिला.

• • •

मराठी चित्रपट आणि राजकारण यांचे नाते तसे जुने. प्रभात कंपनीने १९३५ साली पैठणच्या एकनाथांवर चित्रपट काढला, बालगंधर्व नाथांच्या भूमिकेत. नाव ठेवले होते 'महात्मा'. सेन्सॉरला त्या नावात गांधीजी दिसले. नाव बदलून 'धर्मात्मा' करावे लागले. संताच्या चित्रपटातले राजकारण सामान्य प्रेक्षकाच्या आधी सरकारला दिसते, ते असे.

पुढे आचार्य अत्रे आले. १९५३ च्या त्यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पाठोपाठ त्यांनी 'महात्मा फुले' काढला. १९५६ साली दैनिक 'मराठा' सुरू केला, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ गाजवली आणि १९५७ साली ते विधानसभेतही गेले. चित्रपट, वर्तमानपत्र आणि राजकारण अशी तिन्ही दुकाने एका माणसाने एकाच वेळी चालवली, आणि तिन्हींचा माल एकमेकांत मिसळत असल्याबद्दल ग्राहकांनी कधी तक्रार केली नाही.

परंतु सत्तेकडे डोळ्याला डोळा देऊन पाहिले ते डॉ. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांनी. 'सामना' हा जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, निर्माते कवी रामदास फुटाणे. १९७५ साली तो बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. त्याच वर्षी देशात आणीबाणी आली आणि 'किस्सा कुर्सी का' या हिंदी चित्रपटाच्या प्रती जप्त होऊन पुढे जाळल्या गेल्या. त्या काळात साखर कारखान्याच्या सम्राटावर काढलेला मराठी चित्रपट लोकांपुढे आला, ही आजही नवलाची गोष्ट वाटते.

'सामना'त नीळू फुले हिंदुराव धोंडे पाटील आहेत. कारखाना त्यांचा, गाव त्यांचे, माणसे त्यांची. श्रीराम लागू आहेत मास्तर. हा दारूत बुडालेला म्हातारा गांधीवादी योगायोगाने हिंदुरावांच्या गावात उतरतो आणि त्यांचा पाहुणा होतो. खायला-प्यायला सगळे मिळते. फक्त त्याच्या कानावर एक नाव येते, मारुती कांबळे. हा माणूस गावातून नाहीसा झालेला आहे. मास्तर त्याच्याबद्दल विचारू लागतो आणि विचारतच राहतो. त्याच्या हातात सत्ता नाही, पैसा नाही, हातही कापतात. आहे तो एकच प्रश्न. त्या एका प्रश्नाने हिंदुरावांचा वाडा पोखरला जातो.

चार वर्षांनी, १९७९ साली, 'सिंहासन' आला. पत्रकार-कादंबरीकार अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. त्यांच्या सरकारने प्रत्यक्ष मंत्रालयात चित्रीकरणाला परवानगी दिली. सत्तेचे वाभाडे काढणाऱ्या चित्रपटाला सत्तेनेच आपले दालन उघडून द्यावे, असाही एक महाराष्ट्र होता. मी तेव्हा सोलापूरला कॉलेजात होतो. टॉकीजमधून बाहेर पडलो तो दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही.

का, ते मला त्या वेळी कळले नव्हते. आता असे वाटते, की धक्का कथेचा नव्हता, चेहऱ्यांचा होता. 'सामना'तले हिंदुराव, म्हणजे नीळू फुले, इथे दिगू टिपणीस झाले होते. सत्तेला रोज जवळून पाहणारा पत्रकार. आणि 'सामना'तले मास्तर, म्हणजे डॉ. लागू, इथे खुर्चीसाठी तळमळणारे विश्वासराव दाभाडे झाले होते. चार वर्षांत दोघांनी जागा बदलल्या होत्या. विचारणारा सत्तेत गेला होता आणि सत्तेचा चेहरा पत्रकाराच्या खांद्यावर आला होता. नटांना भूमिका मिळतात तशा मिळाल्या असतील. पण तंबूत एक आणि टॉकीजमध्ये दुसरा पाहिलेल्या पोराला त्यातून एवढे मात्र समजले, की प्रश्न विचारणारा आणि प्रश्न टाळणारा या दोन निराळ्या जातीच्या माणसांच्या गोष्टी नव्हेत. तो एकच माणूस असू शकतो.

आणखी एक फरक मला फार उशिरा दिसला. मास्तरला फारसे काही ठाऊक नसते, म्हणून तो विचारतो. दिगूला सगळे ठाऊक असते. कोण कुणाला भेटले, काय ठरले, कुणाला काय मिळणार. ते सगळे माहीत असूनही घडायचे ते घडते, आणि शेवटी दिगू नुसता हसत सुटतो. ते हसू ऐकवत नाही. माहितीने पोट भरलेल्या आणि हाताने काहीही न केलेल्या माणसाचे ते हसू आहे.

• • •

आता त्या रात्रीच्या पॉडकास्टकडे येतो. तो नंतर मीही ऐकला, आणि तसे आणखी काही ऐकले. माझ्या वयाच्या माणसांनी नव्या गोष्टींना नावे ठेवण्याची प्रथा आहे, ती मला पाळता आली नाही. ही पोरे अभ्यास करून बोलतात. कुठल्या प्रसंगाला कुठल्या वर्षीच्या राजकारणाचा संदर्भ आहे, कॅमेरा कुठे ठेवलाय, पार्श्वसंगीत कुठे मुद्दाम थांबवलेय, हे सारे नीट उलगडून सांगतात. आमच्या वेळी असे काही वाचायचे तर पुण्या-मुंबईतल्या चित्रपट मंडळाचे सभासद व्हावे लागे. आज बेंबळीच्या शिवारात, मध्यरात्री, हातात फावडे असताना ते मिळते. याला मी तरी प्रगतीच म्हणेन.

पण एक गोष्ट हरवली आहे. पॉडकास्ट कानात असतो आणि कान ज्याचा त्याचा असतो. शेजारच्या बांधावर दारे धरणारा दुसरा पोरगा दुसरेच काही ऐकत असतो. निजामाच्या काळात पेपर एकाने वाचला तरी दहांना एकाच वेळी राग येई. आता दहा जणांना दहा वेळी, दहा गोष्टींचा राग येतो, आणि सकाळी चहाला भेटल्यावर ते बाजारभावाविषयी बोलतात. आमचा पोरगा दिगू टिपणीसइतका जाणकार झाला होता, आणि माझी भीती नेमकी तीच होती.

'पीपली लाइव्ह' (२०१०) या अनुषा रिझवी यांच्या चित्रपटात हेच दुसऱ्या टोकाने आले आहे. आत्महत्या करणार म्हटलेल्या नथ्थाच्या दारात सगळ्या वाहिन्यांच्या गाड्या लागतात. ती बातमी प्रथम शोधणारा राकेश हा तालुक्याचा छोटा वार्ताहर आगीत मरतो, तर त्याचे प्रेत नथ्थाचे म्हणून नोंदले जाते. बातमी आणणारा गेला, याची बातमी होत नाही. आणि आमच्या परांड्याला लागून असलेल्या करमाळ्याच्या नागराज मंजुळे यांनी 'फँड्री'च्या (२०१३) शेवटी जब्याच्या हातून दगड मारला आहे, तो थेट आपल्या दिशेने येतो. म्हणजे प्रश्न पुढाऱ्याला नाही, खुर्चीत बसून बघणाऱ्याला आहे.

म्हणून मी पोराला म्हटले, "आधी पिक्चर बघू. सगळे मिळून बघू." एका रविवारी ओसरीवर टीव्ही लावला. घरचे, भावकीतले, शेजारचे असे वीस-पंचवीस जण जमले. आधी 'सामना' लावला. रीळ बदलायचे नव्हते, तरी मी दोनदा मुद्दाम थांबवला, चहाच्या निमित्ताने. पहिल्या थांब्याला बोलणे जुजबी झाले. दुसऱ्याला पेटले. कारखाने, सोसायट्या, टँकर, पीकविमा, सगळ्यांची नावे निघाली. आणि चित्रपट संपल्यावर त्याच पोराने मला विचारले, "आबा, तुम्ही तर बँकेत होतात. तुमच्यासमोर असं कधी झालंच न्हाई का?"

• • •

झाले होते. मी ते सांगितले. सांगताना माझ्या आवाजात थोडी ऐटही असावी, कारण तो प्रसंग मी एका कादंबरीत घालून मोकळा झालो होतो.

१९८४ साली मी एका ग्रामीण शाखेत शेतीकर्जे पाहणारा अधिकारी होतो. कोणती शाखा, ते महत्त्वाचे नाही. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना म्हशीसाठी कर्ज आणि त्यावर अनुदान मिळे. उद्दिष्ट ठरलेले, मार्चअखेर ठरलेली. कर्जमेळावे भरत. मंडप, हार, भाषणे, आणि एका पुढाऱ्याच्या हस्ते लाभार्थीच्या हातात म्हशीचे दावे. खरेदी समिती म्हैस पाही, कानात विम्याचा बिल्ला मारला जाई, व्यापाऱ्याला रक्कम मिळे. त्यानंतर ते दावे पुष्कळदा व्यापाऱ्याकडेच परत जाई. बिल्ला काढून तीच म्हैस दुसऱ्या नावावर उभी राही. अनुदान वरच्या वर वाटले जाई आणि लाभार्थीच्या हातावर शे-दोनशे रुपये ठेवून अंगठा घेतला जाई.

एक विधवा बाई होती. मेळाव्यात तिच्या हाती दावे दिले, त्याचा फोटो पेपरात आला. त्या फोटोत कडेला, फाइल घेऊन, मी उभा आहे. पंधरवड्याने दुसऱ्या गावी पाहणीला गेलो तर तीच म्हैस, कपाळावर तोच पांढरा ठिपका, दुसऱ्या दावणीला. मी ओळखली. सोबतच्या माणसानेही मी ओळखल्याचे ओळखले. तो फक्त म्हणाला, "साहेब, ऊन फार झालंय, चला." आणि मी चाललो. पाहणी अहवालावर सही केली. वर्षभरात बदली झाली. काही वर्षांनी कादंबरी लिहिली, तिच्यात ही म्हैस आली, समीक्षकांनी वास्तवदर्शी म्हणून कौतुक केले.

एवढे सांगून मी थांबलो. ओसरीवर कोणी काही बोलले नाही. मग कोपऱ्यातून थोरल्या वहिनींनी विचारले, "भावजी, त्या बाईचं पुढं काय झालं?"

मला ठाऊक नव्हते. चाळीस वर्षांत मी ते कुणाला विचारले नव्हते. कादंबरीत मी तिला शेवटी गावाबाहेर पाठवले होते, कारण कथेला तो शेवट शोभत होता.

पुढच्या आठवड्यात पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून मी त्या गावी गेलो. बाई वारल्याला बरीच वर्षे झाली होती. मुलगा भेटला, आता पन्नाशीचा. मी कोण ते सांगितले. त्याने चहा केला. म्हैस घरी कधी आलीच नव्हती, हे त्याला लहानपणापासून माहीत होते. नोटिसा मात्र आल्या. वसुलीची जीप दारात उभी राहिली तेव्हा आईने चांदीच्या पाटल्या मोडून दोन हप्ते भरले. पुढे १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने दहा हजारांपर्यंतची थकबाकी माफ केली, त्यात उरलेले कर्ज गेले. जे कधी घेतलेच नाही ते माफ झाले आणि जे भरले ते गेले. तो हे रागाने बोलत नव्हता. एवढेच म्हणाला, "आई माफीचा कागद देवापाशी ठिवायची. सरकार चांगलं हाय म्हणायची."

मी पाटल्यांच्या पैशांचा विषय काढला. त्याने हात जोडले. "ते आता ऱ्हाऊ द्या. तवा कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं."

परत येताना पोरगा बराच वेळ गप्प होता. गाव जवळ आल्यावर त्याने गाडी थांबवली आणि म्हणाला, "आबा, ही गोष्ट तुमच्या आवाजात रेकॉर्ड करतो. टाकू का?"

मी म्हणालो, "कर. पण टाकायच्या आधी पारावर भोंगा लावून एकदा गावात ऐकव. मी तिथंच बसतो. कुणाला काही विचारायचं असलं तर विचारू दे."

रेकॉर्डिंग झाले आहे. सदतीस मिनिटांचे. त्यात बाईचे किंवा तिच्या मुलाचे नाव नाही, माझे आहे. येत्या बाजारच्या दिवशी संध्याकाळी ते पारावर लावायचे ठरले आहे. वहिनींनी आपली बसायची जागा आतापासूनच सांगून ठेवली आहे, अगदी पुढची.